फुलांचा आठवडा

फोटो मोठा करता करता आईच्या उजव्या खांद्यामागे ते दिसलं, आणि माउसवरचा माझा हात तसाच राहिला. मुठीएवढं काहीतरी, खाली हिरवं, वर पिवळं, मधे कुणी दोरीने आवळल्यासारखं. जेवणाची सुट्टी होती. ऑफिसात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी लोकांच्या जिन्यांचे नि न्हाणीघरांचे नकाशे बाजूला सारून माहेरच्या बियांच्या पाकिटाचं काम करत होते. इमारतींचे नकाशे काढणारीला पाकिटातलं काय कळतं, असं मी म्हणून पाहिलं होतं. पण घरात एक चित्र काढणारी असली की दुकानाच्या पाटीपासून डबीवरच्या चिठ्ठीपर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडतं. वहिनीने फोटोबरोबर लिहिलं होतं, ‘वन्सं, आईंचा चेहरा मोठा घ्या, बाकी काही नको. शनिवारी माल निघतो.’ मी चेहरा मोठा घेत होते. आईच्या कपाळावरच्या आठ्या, कानामागे खोचलेली पांढरी बट, फोटो काढणाऱ्या दादावर जरा वैतागलेले डोळे. आणि मागच्या कुंपणावर, पानांच्या आडून, ते फळ. पहिल्या क्षणी मला चक्क बरं वाटलं. अगं बाई, रुजलं की! दुसऱ्या क्षणी ते कुणाच्या कुंपणावर रुजलंय ते लक्षात आलं.

तो शोभेचा भोपळा होता. टेबलावर टोपलीत ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ‘कित्ती छान’ म्हणायचं, एवढाच त्याचा उपयोग. चवीला कडूजहर. एरवी जगात कुठेही कुणाच्याही कुंपणावर असली वेल चढली तर कुणाचं काही बिघडत नाही, पण आमचं गाव भोपळ्याच्या बियांवर जगतं. भोपळ्याची फुलं मधमाश्यांच्या भरवशावर असतात आणि मधमाशीला खायचं कुठलं नि शोभेचं कुठलं हे कळत नाही. ती या वेलीवरून उठते नि त्या वेलीवर बसते. वहिनीने मला हे एकदा समजावलं होतं, चाळणीवरचा हात न थांबवता. ‘फळ आईवर जातं वन्सं, बी दोघांवर. म्हणून पहिल्या वर्षी काहीच कळत नाही. फळ गोडच निघतं. बी छान भरतं, टपोरं दिसतं. ते विकत घेऊन पुढच्या साली कुणीतरी पेरतो, चार महिने पाणी घालतो, आणि मग त्याच्या ताटात कडू भोपळा येतो. पोटाला बाधतोसुद्धा तो. त्यानंतर तो माणूस आपल्या गावाचं नाव कसं घेईल, सांगा बरं.’

या एका गोष्टीसाठी आमच्याकडे फुलांचा आठवडा पाळतात. वेलींना पहिली फुलं धरायला लागली की चारजण निघतात आणि गावातलं एकूणएक कुंपण, परसू, उकिरडा, ओढ्याचा काठ पायाखाली घालतात. ओळखीची नसलेली वेल दिसली की मुळापासून उपटायची, मग ती कुणाच्या का दारातली असेना. या फेरीच्या पुढे सहा वर्षं माझी आई चालते. पान नुसतं चुरगाळून हुंगलं की तिला जात कळते. लोक तिला गमतीने फौजदारीण म्हणतात आणि ती फेरीला आली की स्वतःच्याच परसात अपराध्यासारखे उभे राहतात. वहिनी म्हणते तेही खोटं नाही, आईचा चेहरा हीच आमच्या बियांची हमी. म्हणून तर तो पाकिटावर. आणि फौजदारणीच्या कुंपणाला कोण हात लावणार? बाबा गेल्यावर ती ओढ्यापलीकडच्या दोन खोल्यांत एकटी राहते, स्वतःची चूल तिने कुणाला मोडू दिली नाही. फेरी तिच्या दारातून सुरू होते. चौघं तिच्या ओट्यावर चहा पितात आणि तिथून पुढे निघतात. तिचं परसू सहा वर्षांत कुणी तपासलं असेल असं मला वाटत नाही.

मी फोटो कापला. दोन रेघा ओढल्या, आईचा उजवा खांदा थोडा गेला, फळ गेलं, पाकीट उलट जास्त चांगलं दिसायला लागलं. मग सगळे जेवून आले, मीही माझ्या नकाशावर परत आले, आणि दुपारभर एका जिन्याच्या पायऱ्या मोजत बसले. सतरा. पुन्हा मोजल्या तर सोळा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, ‘बरं नाही का?’ मी म्हटलं, ‘डोकं जरा चढलंय.’ डोकं अगदी जागेवर होतं. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवत होतं, असल्याच भोपळ्यांची एक टोपली मी स्वतः गावी कशी नेली ते.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानपणापासून मला गावाची लाज वाटायची, आणि ती लाज फार साधी होती. शाळेत बाकीच्या मुली आपापल्या गावाबद्दल सांगायच्या; कुणाकडे समुद्र होता, कुणाकडे किल्ला, एकीकडे नुसता एक धबधबा होता पण त्यावर ती वर्षभर ऐट मारायची. आमच्याकडे काय आहे बघण्यासारखं? तीन बाजूंना टेकड्या, त्याही बुटक्या, चौथ्या बाजूने येणारा रस्ता आमच्याशी येऊन संपतो. कुणी वाट चुकलं तरी आमच्याकडे पोचत नाही. गाव रिकामं होत चाललं तेव्हा मी मोठ्या उत्साहाने नकाशे काढून नेले. ओढ्याकाठी बारा खोल्या, शहरातल्या माणसाला निवांत वाटेल अशा, मातीचा गिलावा, मोठ्या खिडक्या, समोर बसायला ओटे. एक खोली तर दादाच्या घरात नमुना म्हणून सजवून दाखवली. खिडकीत शोभेच्या भोपळ्यांची टोपली ठेवली, शहरातल्या सजावटीच्या दुकानातून आणलेली. गाव शाळेत जमलं. मी तासभर बोलले. लोकांना नकाशे आवडले, कुणी कुणी बोट फिरवून आपलं घर शोधलं. मग वहिनी उभी राहिली. वयाने माझ्याहून लहान, तोवर चारचौघांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती म्हणाली, ‘वन्संनी काढलंय ते सुरेखच आहे. पण मला एक सांगा, पाहुणा आला की आपण काय करतो? घर आवरतो. रोज पाहुणा आला तर रोज आवरत बसायचं. मग राहायचं कधी?’ लोक हसले. ती हसली नाही. ‘इथं कुणी येत नाही म्हणून आपण रडतो. पण इथं वाराही बाहेरून येत नाही, बाहेरची मधमाशी टेकडी ओलांडत नाही. बियांसाठी असली जागा लोक शोधत फिरतात. कुणी येत नाही हेच आपलं भांडवल आहे. ते कशाला मोडायचं?’

मला तेव्हा काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला गावाचं भलं हवं होतं हे खरं, पण त्या बारा खोल्यांतली ओढ्याकडची शेवटची मी मनातल्या मनात स्वतःसाठी ठेवली होती. नकाशावर तिची खिडकी इतरांपेक्षा वीतभर रुंद होती. माहेरी माझी म्हणावी अशी जागा उरली नव्हती; जायचं ते पाहुणी म्हणून, बॅग भिंतीशी ठेवायची, कुणाच्या तरी अंथरुणात शिरायचं. पुढच्याच वर्षी वहिनीने माझी नावापुरती उरलेली जुनी खोलीही बिया वाळवायला घेतली. विचारलं होतं तिने. मी ‘घे की, त्यात काय’ म्हटलं होतं, आणि गाडीत बसल्यावर रडले होते. ती टोपली मी रागाने तिथेच टाकून आले. आईने ती आपल्या फडताळावर नेऊन ठेवली, जाईन तेव्हा दिसायची. भोपळे हलके होत गेले, हलवलं की आत बिया वाजायच्या. गेली दोन वर्षं मी गेलेच नाही. कामं होती. कामं कुणाला नसतात.

संध्याकाळी भाजी चिरताना नवऱ्याला सांगितलं. तो भांडी पुसत होता. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘एकाच वेलीने असं कितीसं होणार?’

‘एका वेलीला शंभर फुलं येतात.’

‘बरं. मग वहिनीला फोन कर.’

‘काय सांगू? तुझ्या सासूने चोरून वेल वाढवली? गावासमोर उभं करू आईला, या वयात?’

त्याने ताट पुसून रॅकला लावलं. ‘मग तू पाहिलंच नाहीस असं समज. फोटो तर कापलासच.’ तो कुजकेपणाने बोलत नव्हता, माझी सुटका करायला बघत होता. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मला माझीच किळस आली. कुठल्यातरी गावात, जिथे मी कधी जाणार नाही, कुणी एक बाई पुढच्या वर्षी आमचं पाकीट फोडेल, त्यावर माझ्या आईचा चेहरा बघून निर्धास्त होईल, आणि चार महिने त्या वेलीला पाणी घालेल. आईला वाचवायचं तर त्या बाईला फसवायचं, आणि तेही आईच्याच चेहऱ्याने. मी सुरी खाली ठेवली. ‘उद्या पहिल्या गाडीने जाते,’ मी म्हटलं. ‘फोनवर नाही सांगता येणार.’

गाडीत मला खिडकी मिळाली, पण बाहेर बघितल्याचं आठवत नाही. मी वाक्यं जुळवत होते. शेवटी एक चांगलं सुचलं, सांगायचं की वेल मीच लावली, गंमत म्हणून, आईला काही माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही हे आख्ख्या गावाला ठाऊक होतं, तरीही ते वाक्य मी उतरेपर्यंत तोंडात घोळवत ठेवलं.

वहिनी माझ्या खोलीत होती. तिला अजून मी माझी खोली म्हणते. जिथे माझी कॉट होती तिथे छतापर्यंत जाळीचे खण, त्यांत बियांचे थर, प्रत्येक खणाला शेताचं नाव लिहिलेलं कार्ड. शाळेमागचं. वरचं. विहिरीचं. ओढ्याकाठचं. खोलीत कोरडा, गोडसर वास होता आणि दारामागे पोती शिवून रांगेत लावलेली होती. ‘वन्सं! अहो, न कळवता?’ तिने हात झटकले. ‘पाकीट झालं का?’

मी ते वाक्य बोललेच नाही. फोन काढला, न कापलेला फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली. खाली बसली. मी घाईघाईने म्हणाले, ‘वहिनी, ती टोपली माझी होती. आईला बोल लावू नकोस. गावाला सांग माझं नाव.’

‘थांबा हो जरा,’ ती म्हणाली. राग नव्हता आवाजात, नुसती घाई होती. ‘नाव मागाहून बघू. आधी बी बघू.’

खिडकीखाली उगवण तपासायचे ट्रे होते. प्रत्येक शेताचे शंभर दाणे ओल्या फडक्यावर रुजत घातलेले. कोंब निघून पहिली दोन पानं उघडली होती. वहिनीने सांगितलं, बी कडू निघणार असेल तर ही पानंही कडू लागतात. चावायचं, थुंकायचं, पाण्याने चूळ भरायची. आम्ही दोघी ट्रेपुढे मांडी घालून बसलो आणि चावायला लागलो. विहिरीचं. कच्च्या शेंगेसारखी चव, बरी. वरचं. बरी. शाळेमागचं, बरी. माझ्या मनात आशा इतकी वाढली की मी हसले, म्हटलं, ‘आपण बकऱ्या झालो गं.’ तीही हसली. ओढ्याकाठच्या ट्रेमधलं सातवं की आठवं पान मी चावलं, आणि जीभ आक्रसली, कानापर्यंत कडवटपणा गेला. मी थुंकले, चूळ भरली, तरी तो जाईना. वहिनीने माझं तोंड बघितलं, पुढची पाच पानं स्वतः चावली आणि त्यातलं एक हातात धरून ठेवलं. ‘हेही,’ ती म्हणाली.

‘म्हणजे ओढ्याकाठचं बाजूला काढायचं?’

‘सगळंच बाजूला काढायचं, वन्सं. विहिरीच्या शंभरात आज नाही लागलं, पण माशी तिथवर गेलीच नसेल असं कोण छातीठोक सांगेल? यंदा भोपळ्याचं एक पाकीट जाणार नाही. शेंगांचं जाईल, त्यांना माशीची गरज नसते. आपल्याला पेरायला गेल्या सालचं आहे डब्यात.’ तिने ओठ घट्ट मिटले. तिचे डोळे भरलेले होते, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ज्या खोलीसाठी मी सहा वर्षं मनात धुमसत होते, तिथे ही बाई सहा वर्षं उभ्याने राबली होती.

चारच्या सुमारास लोक अंगणात जमले. पंचवीस-तीसजण, बाकीचे शेतात होते. दादाने पोती पुन्हा उसवून बाहेर आणली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसला. वहिनीने झालेलं सांगितलं, वेल कुठे सापडली तेवढं मात्र टाळलं. ‘ओढ्याच्या बाजूला’ एवढंच म्हणाली. मी पुढे झाले. तोंड उघडलं. तेवढ्यात ओढ्यापलीकडून येऊन ओट्याच्या टोकाला बसलेली आई काठी टेकत उठली.

‘माझ्या कुंपणावर सापडली,’ ती म्हणाली. ‘मी लावलेली. आपोआप उगवलेली नव्हे. फडताळावरचा भोपळा फोडला आणि बी टोचलं.’

कुणीतरी म्हणालं, ‘जाऊ द्या काकू, वय झालं, नजरचुकीने—’

‘नजर चांगली आहे माझी,’ आई फटकन म्हणाली. ‘लावताना माहीत होतं काय होतं ते. वाटलं, वेल वाढू द्यावी नि फुलं तेवढी खुडावी. महिनाभर खुडली मी, रोज सकाळी उजाडता उजाडता. मग गुडघा धरला, चार-पाच दिवस परसात जाता आलं नाही. आणि फेरी माझ्या ओट्यावर चहा पिऊन पुढे निघाली, तेव्हाही मी काही बोलले नाही. ती चूक माझी. फेरीला मला आता पुढे घालू नका.’ ती माझ्याकडे वळली. तिला लोकांत बोलायची लाज नव्हती, पण आता आवाज उतरला. ‘दोन वर्षं आली नाहीस गं तू. दारात तुझ्या हातचं काही नव्हतं. म्हटलं, निदान हे तरी वाढेल.’

मला वाटलं होतं, लोक ओरडतील, कुणीतरी माझ्या नकाशांचाही उद्धार करेल. तसं झालं नाही. एक म्हातारा विहिरीवाला उठला, त्याने आपल्या शेताचं पोतं उचललं आणि स्वतःच्या हाताने वेगळ्या ढिगात नेऊन ठेवलं. त्याचं पोतं कदाचित पूर्ण गोड होतं. मग दुसरा उठला. बायका उठल्या. राग होता, तो दिसत होता त्यांच्या मानांत, पोतं आपटण्यात. एकजण जाता जाता आईला म्हणाली, ‘माझा दोडका उपटला होतात तुम्ही गेल्या साली, आठवतं ना?’ आई म्हणाली, ‘आठवतं.’ मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने माझा हात धरला नाही, मीही नाही. आमच्यात तशी पद्धतच नव्हती. नुसत्या खांद्याला खांदा लावून ती जाणारी पोती बघत बसलो.

ढीग झाल्यावर वहिनी गिऱ्हाइकांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आली. बारा कार्डं. शनिवारी माल निघणार म्हणून ही माणसं वाट बघत होती. तिने पहिला नंबर लावला, घंटा वाजायला लागली. तिने फोन माझ्यापुढे धरला. ‘तुम्ही बोला. मला नाही जमायचं.’

पलीकडे एक खणखणीत बाई होत्या, दुकान चालवणाऱ्या. मी गावाचं नाव सांगितलं. म्हटलं, ‘यंदा आमच्या भोपळ्याचं बी येणार नाही. आमच्याकडे दुसरी वेल मिसळली. आम्हाला आज कळलं.’ इतक्या वर्षांत गावाबद्दल बोलताना मी कधी ‘आमच्या’ म्हटलं होतं का, आठवेना. बाई रागावल्या. रागावणारच. आता ऐनवेळी मी कुठून आणू, म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, ‘आत्ता सांगितलंत ते बरं, मागाहून कळलं असतं तर माझ्या दुकानात कुणी पाऊल टाकलं नसतं. पण पुढच्या वर्षी असंच होणार नाही कशावरून? तिथे बघतं कोण हे सगळं?’

आई माझ्याकडे बघत होती. वहिनीही. मी कुणाला विचारलं नाही.

‘मी बघते,’ मी म्हटलं. ‘फुलांच्या आठवड्यात मी इथेच असते.’

बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. वहिनीने पुढचं कार्ड वर घेतलं आणि नंबर लावून दिला.